टाके निघाल्यानंतरचा घोटा
(प्रस्तावना)

पाय मुरडण्याला वर्धा जिल्ह्यात कुणी आजार म्हणत नाही. श्रावणात धुऱ्यावरून घसरून पाय मुरडतो, वैशाखात काळ्या रानाच्या भेगेत अडकून मुरडतो, गावच्या कबड्डीत समोरच्या गड्याने घोटा धरला की मुरडतो, आणि यातले काहीच न करणाऱ्या माणसाचा एसटीच्या खालच्या पायरीवरून उतरताना मुरडतो. मग आंबेहळद उगाळून लावायची, फडक्याने करकचून बांधायचे, दोन दिवस लंगडायचे आणि तिसऱ्या दिवशी डवरणीला जायचे. बहुतेकांचे एवढ्यावर निभावते, हे खरेच. आणि निभावते म्हणूनच ज्यांचे निभावत नाही त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. अशा माणसाची सूज उतरते, पण घोट्यावरचा भरवसा जातो. वर्षभराने सपाट सडकेवर चालता चालता पाय आपोआप आत वळतो. डोक्यावर ओझे असले की तो पांदणीने जायला कचरतो, शिडी चढायचे टाळतो. पोलीस भरतीची तयारी करणारा असेल तर १६०० मीटरच्या धावेत वळण आले की वेग आपसूक कमी करतो. घरचे म्हणतात, 'त्याचा पाय कच्चा आहे.'

हा कच्चा पाय म्हणजेच या पुस्तकाचा विषय. घोट्याचे लिगामेंट कसे फाटते, कुणाला ऑपरेशन लागते, ते कसे करतात आणि त्यानंतरचे महिने कसे काढायचे, हे यात आले आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तकातलेच पुन्हा सांगू नये असा संकेत आहे. तो थोडा मोडून मी विषयाची ओळख करून देणार आहे, कारण वाचकाने आधी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी असे मला वाटते. ऑपरेशन हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात लहान भाग आहे. ते तासा-दीड तासात उरकते. घोटा त्यानंतर चार ते सहा महिने घडत असतो, आणि आपल्याकडे बिघडते ते याच महिन्यांत.

घोट्याची रचना एकदा नीट पाहिली की बाकीचे आपोआप कळते. नडगीचे जाड हाड म्हणजे टिबिया. तिच्या बाहेरच्या अंगाला असलेले बारीक हाड म्हणजे फिब्युला. या दोघांच्या खालच्या टोकांची कमान होते आणि तिच्यात टॅलस नावाचे हाड बसते. टॅलस पुढून रुंद आणि मागून अरुंद असते. पाऊल वर ओढले की त्याची रुंद बाजू कमानीत घट्ट बसते. पाऊल खाली झुकले, म्हणजे आपण पायरी उतरतो किंवा उडीनंतर चवड्यावर येतो, तेव्हा अरुंद बाजू कमानीत येते आणि सांधा सैल पडतो. नेमक्या त्याच क्षणी पाऊल आत वळले तर सगळा भार बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटवर येतो. तिथे तीन लिगामेंट आहेत. पुढचे सर्वात कमजोर, मागचे सर्वात भक्कम आणि मधले टाचेच्या हाडाला धरून ठेवणारे. पुढचे, ज्याला डॉक्टर एटीएफएल म्हणतात, आधी फाटते. धक्का मोठा असेल तर मधलेही जाते. मागचे सहसा टिकते. आतल्या बाजूचे डेल्टॉइड लिगामेंट जाड आणि पंख्यासारखे पसरलेले असते, ते फाटायला फार मोठा मार लागतो. घोट्याच्या जरा वर टिबिया आणि फिब्युला यांना एकत्र बांधणारे लिगामेंट फाटले तर ते प्रकरण निराळे. दुखणे लांबते, आणि दोन्ही हाडे एकमेकांपासून सरकली असतील तर स्क्रूने किंवा मजबूत दोऱ्याने ती पुन्हा जवळ आणावी लागतात. पुस्तकात त्याला वेगळे प्रकरण दिले आहे, ते योग्यच झाले.

आपल्या जुन्या वैद्यांनी हे पाहिले नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एक दृष्टांत आहे: फळ्यांची नाव दोरांनी घट्ट बांधलेली असेल तरच पाण्यात भार पेलते, तसे शरीराचे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून माणूस भार सोसतो. सुश्रुताचा 'स्नायू' म्हणजे हे बंधच. घोट्याजवळचे गुल्फ हे मर्म त्याने वेदना देणाऱ्या मर्मांत घातले आणि तिथे इजा झाली तर पाय आखडतो किंवा माणूस लंगडा होतो, असे नोंदवले. पाऊल वेडेवाकडे पडल्याने घोट्याशी जडणाऱ्या दुखण्याला त्याने वातकंटक हे नावही दिले. वैद्यकाच्या इतिहासाचा अभिमान बाळगायचा तर तो अशा बारीक निरीक्षणाचा बाळगावा. हाडवैद्याने सुजलेला घोटा पहिल्याच दिवशी हिसका देऊन 'बसवला' तर त्याचे खापर मात्र सुश्रुतावर फोडू नये.

पहिल्या दिवशी काय करायचे, याचा निर्णय फार अवघड नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली एक साधा नियम मांडला आणि तो जगभर वापरात आहे. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांचा खालचा सहा सेंटिमीटर भाग मागच्या कडेने आणि टोकावर दाबून पाहायचा. तिथे हाडावरच दुखले, किंवा मार लागला तेव्हा आणि तपासणीच्या वेळी रुग्णाला चार पावलेही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. करंगळीच्या मागचे, पावलाच्या बाहेरच्या कडेचे हाड किंवा आतल्या बाजूचे होडीच्या आकाराचे हाड दुखत असेल तरीही काढायचा. यातले काहीच नसेल तर मोड असण्याची शक्यता फार कमी असते. हा नियम गावातल्या आशाताईला आणि शाळेच्या पीटीच्या सरांना पाठ असावा, असे माझे मत आहे. त्याला यंत्र लागत नाही, बोट लागते.

पुढच्या लिगामेंटचा खरा कस मात्र चार-पाच दिवसांनी कळतो. सूज आणि दुखणे ओसरल्यावर डॉक्टर एका हाताने नडगी धरतात, दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढतात. लिगामेंट शाबूत असेल तर टाच अडते. तुटले असेल तर ती बोटाखाली पुढे सरकते आणि घोट्याच्या पुढे त्वचेवर लहानशी खोबण पडते. मारानंतर लगेच हे करू गेले तर रुग्ण वेदनेने पाय आवळून धरतो आणि हाताला खोटे उत्तर मिळते. एमआरआयची घाई करण्यापूर्वी ही तपासणी दोनदा झालेली असावी.

आता ऑपरेशनकडे. आधी हे सांगायला हवे की ताज्या फाटलेल्या लिगामेंटला सहसा ऑपरेशन लागत नाही. एके काळी लागते असे मानत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात ताजे लिगामेंट शिवण्याची पद्धत जोरात होती. पुढे तुलनात्मक अभ्यास झाले आणि दिसले की आधार बांधून लवकर हालचाल सुरू केलेल्या बहुतेक रुग्णांचे घोटेही तितकेच चांगले होतात. मग सुरी मागे हटली. आज पूर्ण फाटलेल्या लिगामेंटलाही आधी ब्रेस, थोड्या दिवसांची विश्रांती, लवकर चालणे आणि व्यायाम हेच देतात. खेळाडूच्या बाबतीत किंवा सोबत हाड, कूर्चा यांना इजा असेल तर गोष्ट वेगळी. ऑपरेशनचा विचार येतो तो ज्याचा घोटा तीन ते सहा महिने नेमाने व्यायाम करूनही दगा देतो त्याच्यासाठी. 'नेमाने' या शब्दावर जोर द्यायला हवा. क्रेप बँडेज बांधून घरी बसणे आणि डॉक्टरांना 'व्यायाम केला' म्हणून सांगणे, यातून ऑपरेशनची शिफारस निघू नये.

व्यायामाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर १९६५ साली ब्रिटिश शल्यविशारद फ्रीमन यांनी दिले. लिगामेंट नुसता दोर नसतो. त्यात मज्जातंतूंची टोके असतात आणि ती सांध्याची स्थिती मेंदूला कळवत राहतात. लिगामेंट फाटले की निरोप तुटतो. पाऊल वळू लागले आहे हे घोट्याच्या बाहेरच्या स्नायूंना उशिरा कळते, आणि ते आवळेपर्यंत पाय मुरडून गेलेला असतो. म्हणून हलत्या फळीवर एका पायाने उभे राहण्याचा व्यायाम त्यांनी सुचवला. त्याने फाटलेले शिवले जात नाही, पण स्नायू वेळेवर जागे होतात, आणि पुष्कळांना तेवढे पुरते.

ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी आज जगभर केले जाणारे ऑपरेशन स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचा शोधनिबंध १९६६ चा. त्याआधी आणि नंतरही काही काळ वॉटसन-जोन्स यांच्यासारख्या शल्यविशारदांच्या पद्धती चालत. त्यांत घोट्याच्या बाहेरून जाणारा एक चांगला स्नायुबंध घेऊन हाडातल्या छिद्रांतून फिरवत आणि त्याचा नवा दोर करत. घोटा स्थिर होई, पण पुष्कळदा आखडे, आणि ज्या स्नायूने पाय मुरडताना वाचवायचा त्याचाच बळी जाई. ब्रोस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की जुन्या फाटलेल्या लिगामेंटची टोके बहुतेक वेळा जागेवरच असतात, फक्त सैल होऊन भरून आलेली असतात. तीच आखूड करून शिवली तर पुरेसे होते. १९८० साली गूल्ड यांनी त्यावर आणखी एक थर चढवला: पावलावरच्या कंडरांना जागेवर धरून ठेवणारा घोट्यावरचा जाड पट्टा ओढून त्या शिवणीवर शिवायचा.

प्रत्यक्ष ऑपरेशन असे होते. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह थोपवतात. कूर्चेचे नुकसान झाल्याची शंका असेल तर आधी दुर्बीण घालून सांधा आतून पाहतात, कारण वारंवार मुरडणाऱ्या घोट्यात टॅलसवरचा गुळगुळीत थर खरवडलेला सापडू शकतो. मग बाहेरच्या घोट्याच्या हाडापुढे चार-पाच सेंटिमीटरचा वाकडा छेद घेतात. इथे त्वचेखालून बारीक मज्जातंतू जातात, ते सांभाळले नाहीत तर पावलाचा वरचा भाग बरेच दिवस बधिर राहतो. सैल झालेले लिगामेंट सांध्याच्या पिशवीसकट कापून मोकळे करतात, फिब्युलाची कड खरखरीत करतात आणि तिच्यात दोऱ्यासकट बारीक खिळे बसवतात. सहायक पाऊल काटकोनात आणि किंचित बाहेर वळवून धरतो. त्या स्थितीत दोरे आवळून गाठी मारल्या जातात. सगळे टाके घालून झाले की शल्यविशारद पुन्हा टाच पुढे ओढून पाहतो. ती अडली तर काम झाले.

सगळ्यांना हे लागू पडत नाही. अंगचेच सांधे फार सैल असतील, वजन जास्त असेल, लिगामेंटचा उरलेला भाग चिंधीसारखा झाला असेल किंवा आधीचे ऑपरेशन फसले असेल, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूचा एक बारीक स्नायुबंध काढून त्याचे नवे लिगामेंट करतात. टाच मुळातच आत झुकलेली असेल तर टाचेचे हाड कापून सरळ करावे लागते. ते केले नाही तर उत्तम शिवलेले लिगामेंटही पुन्हा ताणून सैल होते. हा तपशील रुग्णाला कळावा, म्हणजे 'शेजाऱ्याचे एवढ्यात झाले, माझे एवढे का' असा प्रश्न त्याला पडणार नाही.

इथून पुढे खरे काम. पहिले दोन आठवडे कच्चे प्लास्टर, पाय छातीपेक्षा उंच आणि जमिनीवर टेकवायचा नाही. दहा ते चौदा दिवसांनी टाके निघतात. मग सहाव्या आठवड्यापर्यंत बूट किंवा प्लास्टरमध्ये हळूहळू भार. त्यानंतर ब्रेस आणि व्यायाम. धावणे साधारण तीन महिन्यांनी, कबड्डी-व्हॉलीबॉल चार ते सहा महिन्यांनी. शल्यविशारदाप्रमाणे यात थोडाफार फरक पडतो. पोटरी अचानक सुजली-दुखली, ताप आला, जखम वाहू लागली किंवा बोटे निळसर पडली तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

हे वेळापत्रक जिथे तयार झाले तिथली माणसे खुर्चीवर बसतात, कमोड वापरतात आणि बुटात चालतात. आपले जगणे तसे नाही. मांडी घालून बसले की घोट्याची बाहेरची बाजू जमिनीवर दाबली जाते, पाऊल खाली झुकते आणि आत वळते. म्हणजे नवी शिवण ज्या दिशेने उसवू शकते नेमक्या त्याच दिशेने ताण बसतो, तोही ताज्या जखमेवर अंगाचा भार टाकून. पंगतीत, भजनात, ओट्यावर गप्पा मारताना आपण किती वेळ मांडी घालतो ते आठवून पाहा. पहिले तीन महिने मांडी नाही, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाच्या वर लिहायला हवे. उकिडवे बसण्याची गोष्ट उलट आहे. त्यात पाऊल वर ओढले जाते, शिवणीला धोका कमी, पण आखडलेल्या घोट्याला ते जमतच नाही. मग निंदणाला बसणारी बाई टाच उचलून एका पायावर तोल सावरते आणि दुसरा गुडघा दुखवून घेते. तिला उकिडवे बसता येणे हे उपचाराचे उद्दिष्ट म्हणून पहिल्या दिवसापासून लिहिलेले असले पाहिजे, आणि तोवर शौचासाठी खुर्ची. मोटारसायकलवाल्यांनी लक्षात ठेवावे की गिअर डाव्या घोट्याने पडतो आणि मागचा ब्रेक उजव्याने दाबतो. त्यामुळे 'चालवायला काय लागते' हा युक्तिवाद कोणत्याच पायाला चालत नाही.

शेतकऱ्याने आणखी एक हिशेब मांडावा. हे ऑपरेशन तातडीचे नसते, तारीख आपण ठरवू शकतो. उलंगवाडी होऊन पऱ्हाटी उपटली की फेब्रुवारीत ऑपरेशन करून घेतले तर मृगाच्या पेरणीपर्यंत साधारण चार महिने मिळतात. एप्रिल-मे मध्ये करू गेलो तर वर्ध्याच्या उन्हात प्लास्टरखाली घाम आणि खाज, आणि ऐन पेरणीत पाय कुबड्यांवर. खर्रा खाणाऱ्याने तो निदान ऑपरेशनच्या महिनाभर आधी सोडावा आणि जखम भरेपर्यंत हात लावू नये. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि घोट्याची कातडी तशीही पातळ, ती भरायला वेळ घेते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय टेबलावर जायचे नाही.

व्यायामाला महागडी साधने लागत नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाटेच्या पायाला बांधून पाऊल बाहेर ओढायचे. दाराच्या चौकटीला हात लावून एका पायावर उभे राहायचे, मग हात सोडून, मग डोळे मिटून, मग गोधडीच्या घडीवर. दोन्ही टाचा उचलायच्या, जमले की एकच. मैदानावर परतायच्या आधी एका पायाच्या उडीचे अंतर मोजायचे. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी भरली पाहिजे. नांगरटीच्या ढेकळांतून चालणे सर्वात शेवटी. दुखणे थांबले म्हणजे घोटा तयार झाला, ही समजूत सगळ्यात घातक. दुखणे दुसऱ्या महिन्यातच जाते, लिगामेंट मात्र वर्षभर आतून पक्के होत असते.

२०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती. एवढ्या लहान जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. ग्रामीण भागासाठी उभे राहिलेले ते देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय. सावंगीला १९९० पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, शेजारीच रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. एकेका रुग्णाच्या पुनर्वसनाचे तपशीलवार वृत्तांत तिथून वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत असतात. म्हणजे शिवणारे हात इथे आहेत आणि चालायला शिकवणारेही. अडचण आष्टी-कारंज्याकडच्या माणसाची आहे. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला यायचे तर एकेका खेपेला त्याचा अख्खा दिवस आणि रोजी जाते. टाके निघाले की तो परत येत नाही, आणि यात दोष त्याचा एकट्याचा नाही.

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात गावकऱ्यांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवून दाखवला होता. गावाने धान्य द्यायचे, दवाखान्याने गावापर्यंत जायचे. त्याच जिल्ह्यात फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस बसणे अशक्य नसावे. हे पुस्तक वाचणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

वाचकाला माझी विनंती लहान आहे. ऑपरेशन ठरले तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राच्या खिडकीवर आधी विचारून घ्या. आणि टाके काढायला जाल त्या दिवशी फिजिओथेरपीची पुढची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका.